लेकीचा एआय प्रकल्प आणि आपले पाच प्रश्न



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शनाची धांदल सुरू होते. पूर्वी मुलं ज्वालामुखी करायची, सौरचूल करायची, ठिबक सिंचनाचं मॉडेल करायची. आता त्याच टेबलावर एखादा लॅपटॉप किंवा मोबाइल असतो आणि मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'एआय प्रकल्प'. मुलगी घडाघडा बोलते, गुरुजी मान डोलावतात आणि आपण आया मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. घरी येताना एखादी हळूच म्हणते, "आपल्याला काय कळतंय त्यातलं!"

आज आम्ही एवढंच सांगणार आहोत, की कळतं. संगणकाचं गणित शिकायला शाळा-कॉलेज लागेल. पण या प्रकल्पानं कुणाचं भलं होईल, कुणाचं नुकसान होईल, चूक झाली तर ती कोण भोगेल, हे विचारायला गटाचा हिशेब सांभाळलेली बाई पुरेशी आहे. याच प्रश्नांना शाळेत 'एआयची नीती' म्हणतात. आता ती मुलांना अभ्यास म्हणून शिकवली जाते.

मशीन शिकतं म्हणजे काय?

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या सुपात बघता येते.

लेकीला तांदूळ निवडायला आपण कसं शिकवतो? खडा म्हणजे काय याची व्याख्या सांगत बसत नाही. सूप पुढे ठेवतो आणि दाखवत जातो, हा खडा, हा दाणा, हा परत खडा. शंभरदा पाहिलं की तिची नजर बसते. मशीनही साधारण असंच शिकतं. त्याला हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येक फोटोबरोबर हे काय आहे ते सांगायचं. मशीन त्यातल्या खाणाखुणा आपल्या पद्धतीनं पकडतं आणि नवा फोटो समोर आला की अंदाज सांगतं.

'अंदाज' हा शब्द लक्षात ठेवा. आणि दुसरी एक गोष्ट. लेकीनं आजवर फक्त काळे खडे पाहिले असतील, तर पांढरा खडा तिच्या नजरेतून सुटणारच. तिला तो कुणी दाखवलाच नव्हता. मशीनचंही तसंच होतं. एआयच्या नीतीतले निम्मे प्रश्न या एका पांढऱ्या खड्यापाशी येऊन थांबतात.

मुलं काय शिकतात?

सीबीएसई म्हणजे केंद्रीय बोर्डानं २०१९-२० या वर्षापासून नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला. त्यात प्रकल्पाच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. आधी प्रश्न नीट ठरवायचा, मग माहिती गोळा करायची, ती तपासून बघायची, मग मशीनला शिकवायचं आणि शेवटी त्याची परीक्षा घ्यायची. पहिल्याच पायरीला मुलांनी चार गोष्टी लिहायच्या असतात. प्रश्न कुणाचा आहे, काय आहे, कुठे आहे आणि तो का सोडवायचा. गटाचं सूक्ष्म नियोजन आपण याच क्रमानं करतो ना? आपल्या भागातल्या बऱ्याच शाळा राज्य मंडळाच्या आहेत. तिथं मुलं हे विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा अटल टिंकरिंग लॅबमध्ये शिकतात.

अमेरिकेत एमआयटी नावाची तंत्रशिक्षणाची मोठी संस्था आहे. तिथल्या मीडिया लॅबमध्ये २०१९ साली सहावी ते आठवीच्या वयाच्या मुलांसाठी एआय आणि नीतीचा एक अभ्यासक्रम तयार झाला. तो सगळ्यांसाठी खुला आणि मोफत आहे. त्यातले दोन पाठ आपल्याला फार जवळचे वाटतील.

पहिल्या पाठात मुलांना सांगतात, शेंगदाण्याचं लोणी आणि जॅम लावलेलं 'सगळ्यात चांगलं' सँडविच कसं करायचं ते पायरीपायरीनं लिहा. मुलं लिहितात. मग बाई विचारतात, सगळ्यात चांगलं म्हणजे कुणासाठी चांगलं? मुलाला गोड हवं, आईला पौष्टिक हवं, दाताच्या डॉक्टरांना कमी साखर हवी. आपल्याकडे सँडविचच्या जागी शाळेचा डबा घ्या. लेकराला चवीचं हवं, आईला पोट भरणारं हवं, आणि ते घरात आहे त्यातच भागायला हवं. मशीनला 'चांगलं' म्हणजे काय ते कुणीतरी माणूस सांगतो. जो सांगतो त्याचंच मत मशीनच्या पोटात जातं.

दुसऱ्या पाठात मुलं मशीनला कुत्रा आणि मांजर ओळखायला शिकवतात. पण त्यांना दिलेल्या फोटोंत मांजरं भरपूर असतात आणि कुत्रे मोजके. परीक्षा घेतली की मशीन मांजरं बरोबर सांगतं आणि कुत्र्यांपाशी गडबडतं. मग मुलं स्वतः फोटो निवडून तो साठा नीट करतात, पुन्हा शिकवतात आणि फरक बघतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे कळतं, तर आपल्यालाही कळेल.

एका विद्यार्थिनीचा प्रकल्प

याच एमआयटीतल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. तिचं नाव जॉय बुओलामविनी. आईवडील घाना देशाचे, ती वाढली अमेरिकेत. २०१५ च्या सुमारास ती वर्गासाठी एक प्रकल्प करत होती, आरशात बघितलं की आपल्या चेहऱ्यावर दुसरं चित्र दिसावं असा. त्यासाठी कॅमेऱ्यानं आधी चेहरा शोधायला हवा. तयार सॉफ्टवेअर लावलं, पण त्याला तिचा काळा चेहरा नीट सापडेना. तिनं तोंडावर पांढरा मुखवटा धरला, आणि मुखवटा मात्र त्याला लगेच चेहरा म्हणून दिसला!

दुसरी एखादी म्हणाली असती, "माझाच चेहरा तसा असेल," आणि विषय सोडून दिला असता. जॉयनं तोच विषय धरला. तिनं शोधलं, तेव्हा दिसलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या परीक्षेला जे फोटोंचे साठे वापरले जायचे, त्यांतल्या एकात सुमारे ८० टक्के आणि दुसऱ्यात ८६ टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. म्हणजे परीक्षेचा पेपरच असा, की काळ्या चेहऱ्याचे प्रश्न त्यात कमीच विचारलेले.

मग तिनं स्वतःचा पेपर काढला. आफ्रिकेतले रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका आणि युरोपातले आइसलँड, फिनलंड, स्वीडन, अशा सहा देशांच्या संसद सदस्यांचे फोटो घेतले, एकूण १२७० जणांचे. हे देश निवडले, कारण तिथल्या संसदेत बायकांची संख्या चांगली आहे. मग मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि चीनमधली फेस प्लस प्लस या तीन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला एकच काम दिलं. फोटो बघायचा आणि बाई आहे की पुरुष ते सांगायचं.

एकूण निकाल बघितला तर झकास होता. शंभरातली ८८ ते ९४ उत्तरं बरोबर. पण जॉयनं निकालाचे चार भाग केले, उजळ पुरुष, उजळ बायका, काळे पुरुष आणि काळ्या बायका. तेव्हा खरं काय ते दिसलं. उजळ पुरुषांच्या बाबतीत तिन्ही सॉफ्टवेअरच्या चुका शंभरात एकाहून कमी. काळ्या बायकांच्या बाबतीत मात्र एका कंपनीच्या चुका शंभरात २१, आणि बाकी दोघींच्या ३४ ते ३५. म्हणजे तीन बायकांमागे एकीला पुरुष ठरवलं.

हा तिच्या पदव्युत्तर शिक्षणाचा प्रकल्प होता. टिमनिट गेब्रू या संशोधक मैत्रिणीबरोबर तिनं तो २०१८ साली 'जेंडर शेड्स' या नावानं प्रसिद्ध केला. पुढे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा या तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. पण पहिल्या वेळी ज्यांची परीक्षा घेतलीच नव्हती, अशा आणखी दोन कंपन्यांकडे काळ्या बायकांच्या चुका अजून तशाच भरपूर होत्या. ज्यांना प्रश्न विचारला गेला, ते सुधारले.

सरासरीत कोण लपतं?

जॉयनं केलं ते काम आपण गटात नेहमी बघतो. अहवालात लिहिलेलं असतं, 'परतफेड ९२ टक्के'. ग्रामसंघात टाळ्या पडतात. पण उरलेल्या आठ टक्क्यांत कोण आहेत ते आपल्याला नावानिशी माहीत असतं. एकटी राहणारी बाई असते, ऊसतोडीला गेलेली असते, घरचं माणूस दवाखान्यात असलेली असते. चुका आणि अडचणी सगळ्यांत सारख्या वाटल्या जात नाहीत, त्या त्याच त्या घरांत साठतात. म्हणून चांगली अध्यक्षा एकूण आकड्यावर थांबत नाही. ती वही उघडून ओळ अन् ओळ बघते.

मुलांच्या प्रकल्पावर 'अचूकता ९२ टक्के' असं लिहिलेलं दिसलं, की तिथंही वही उघडायची.

हे सगळं आपल्या अंगणवाडीपर्यंत आलंय

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली गोष्ट, आपल्याला काय तिचं? तर बघा. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आता चेहरा ओळखायची सोय आली आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर देताना, अंगणवाडीताई मोबाइलवर चेहरा पडताळतात.

हे काम जॉयनं तपासलेल्या कामापेक्षा वेगळं आहे. तिथं मशीन बाई की पुरुष याचा अंदाज करत होतं. इथं समोरचा चेहरा आणि नोंदीतला चेहरा एकच आहे का, ते जुळवून बघतं. पण इथंही मशीन छातीठोक 'हो' म्हणत नाही. चेहरे किती जुळतात याचा एक आकडा काढतं. अमुक आकड्याच्या वर गेलं तर 'हो' धरायचं, खाली आलं तर 'नाही', ही रेषा माणसं आखतात. रेषा फार वर आखली तर खऱ्या बाईलाही मशीन नाकारतं, फार खाली आखली तर भलत्याच बाईलाही हो म्हणतं. रेषा कुठं आखायची हा निर्णय माणसांचा आहे, आणि त्याचा परिणाम रांगेतल्या बाईवर होतो.

जुना फोटो, खोलीत कमी उजेड, मोबाइलचा साधा कॅमेरा, रेंज नसणं, यातल्या कशानंही जुळणी अडू शकते. अडली तर मशीनचं काही जात नाही. बाईचा मजुरीचा दिवस जातो आणि अंगणवाडीताईला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. चुकीच्या हातात आहार जाऊ नये हे बरोबरच आहे. तेवढंच हेही बरोबर आहे, की जिचा हक्क आहे तिला फक्त चेहरा जुळला नाही म्हणून हात हलवत परत जावं लागू नये. हे दोन्ही सांभाळायचं कसं, हा नीतीचा प्रश्न आहे. उद्या असली मशीनं बनवणारी मुलं आज आपल्याच शाळेत आठवी-नववीत बसली आहेत. म्हणून त्यांना आत्ताच प्रश्न विचारायचे.

आपले पाच प्रश्न

समजा, एका मुलीनं कपाशीच्या पानाचा फोटो काढला की पान निरोगी की रोगट ते सांगणारा प्रकल्प केला आहे. मोफत मिळणाऱ्या टीचेबल मशीनसारख्या साधनावर शाळेतली मुलं असं करू शकतात. तिला काय विचारायचं?

१. हे कुणासाठी केलंस, आणि त्यांना विचारलंस का? रोज शेतात खुरपणाऱ्या, निंदणाऱ्या बायका पानाचा रंग बदललेला पहिल्यांदा बघतात. त्यांच्याशी ती बोलली का? त्यांच्या हातात मोबाइल असतो का? नसेल तर हे मशीन वापरणार कोण?

२. मशीनला कुणाचे, कुठले फोटो दाखवलेस? समजा निरोगी पानं तिनं आपल्याच शेतात टिपली, मागे काळी माती. रोगट पानांचे फोटो इंटरनेटवरून घेतले, मागे पांढरा कागद. मग मशीन पानाकडे न बघता मागच्या रंगावरूनच उत्तर द्यायला शिकू शकतं. सगळे फोटो दुपारी चारच्या उन्हातले असतील, तर सकाळी ढगाळ हवेत ते गोंधळेल. हलक्या रानातलं पान त्यात आहे का? कोरडवाहू शेतातलं आहे का? सुटलेला पांढरा खडा कोणता, ते शोधायचं.

३. परीक्षा कशी घेतलीस, आणि कुणाच्या बाबतीत जास्त चुकतं? शिकवताना दाखवलेलेच फोटो परीक्षेला दिले, तर पाठ केलेल्या गणिताला पैकीच्या पैकी गुण मिळाल्यासारखं होतं. परीक्षेचे फोटो वेगळे ठेवलेले हवेत. आणि एकूण टक्के सांगून भागणार नाही. बागायती शेतात किती चुकलं, कोरडवाहूत किती चुकलं, असं वेगवेगळं सांग म्हणायचं.

४. चुकलं तर कोण भोगेल? चूक दोन तऱ्हेची असते. निरोगी पानाला रोगट म्हटलं, तर नको असलेली फवारणी होते. औषधाचा खर्च होतो, आणि फवारणीचं पाणी वाहायला बाईच जाते. रोगट पानाला निरोगी म्हटलं, तर पीक हातचं जातं. दोन्हींतली कोणती चूक जास्त महाग? मोठ्या बागायतदाराचं उत्तर एक असेल, दोन एकरवालीचं दुसरं. मुलीनं दोघांचा विचार केला आहे का? शंका आली तर कृषी सहायकांना पान दाखवा, असं तिच्या प्रकल्पात लिहिलं आहे का? प्रत्येक मशीनबरोबर माणसापर्यंत जाणारा दुसरा रस्ता उघडा हवा.

५. परवानगी घेतलीस का, आणि फोटोंचं पुढे काय? पानाचं ठीक आहे. पण पुष्कळ मुलं चेहऱ्यांवर, आवाजांवर प्रकल्प करतात. शेजारणीचा फोटो काढताना, तो मशीनला शिकवायला लागणार आहे, हे तिला समजेल अशा भाषेत सांगितलं का? ती नाही म्हणाली असती तर चाललं असतं का? प्रदर्शन संपल्यावर फोटो पुसणार का? आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती हा त्याचा पाया आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं तो सांगतो. शाळेचा प्रकल्प छोटा असला तरी सवय आत्ताच लागलेली बरी.

विचारायचं कसं?

मैत्रिणींनो, हे प्रश्न लेकराला अडवायला नाहीत. आधी पाठीवर थाप द्या, मग विचारा. पाचांपैकी दोन प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नसेल तर रागवू नका. "बघून सांग, आम्ही परत येऊ," असं म्हणा. एवढ्यानंही ती घरी जाऊन आणखी चार शेतांतले फोटो काढेल.

आणखी एक सुचवतो. कीटकनाशकाच्या बाटलीवर विषारीपणा सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तो बघून आपण किती जपायचं ते ठरवतो. एआयच्या क्षेत्रातही २०१९ पासून 'मॉडेल कार्ड' नावाची पद्धत निघाली आहे. मशीन कशासाठी बनवलं, कशावर शिकलं, कुठं वापरू नये, कुठं चुकतं, हे एका कागदावर लिहून द्यायचं. मुलांना सांगा, प्रदर्शनात शेवटचा पुठ्ठा असाच ठेवा. त्यावर लिहा, 'आमचं मशीन इथं चुकतं'. ज्या मुलीला आपल्या मशीनची चूक चारचौघांत सांगता येते, तिचा प्रकल्प पक्का समजा.

पहिली ते आठवीच्या शाळांसाठी शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि समितीत निम्म्या बायका. म्हणजे शाळेत बोलायची आपली जागा कायद्यानंच दिलेली आहे. पुढच्या बैठकीत वसुली आणि कर्जमागणी झाली, की दहा मिनिटं हा विषय घ्या. पाच प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना ते तोंडपाठ होतील असे सोपे करून सांगा. समितीतल्या ताईंमार्फत मुख्याध्यापकांना विचारा, की यंदाच्या प्रदर्शनात मुलांच्या टेबलापाशी गटातल्या दोघी-तिघी प्रश्न विचारायला उभ्या राहिल्या तर चालेल का. हायस्कूल असेल तर पालक सभेत विचारा.

तुम्ही काय विचारलं आणि मुलांनी काय उत्तरं दिली, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ती उत्तरं मुलांच्याच तोंडून ऐकवायची आमची इच्छा आहे. तोवर नमस्कार.